एम.एस्सी. न्यूट्रिशनच्या प्रबंधाला 'शेवटच्या दिवसांतला आहार' हा विषय घ्यावा का?

गडहिंग्लजची_नात:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.एस्सी. न्यूट्रिशन अँड डायटेटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय महिनाअखेर द्यायचाय आणि डोकं नुसतं भणभणलंय.

आमच्याकडे विषय कसे निवडतात हे ज्यांना माहीत आहे ते हसतील. नाचणीची बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, शेवग्याच्या पाल्याची पावडर घातलेले खाकरे. पदार्थ करायचा, वर्गातल्या मुलींना चाखायला द्यायचा, नऊ गुणांच्या हेडॉनिक स्केलवर 'खूप आवडले'वर टिक करून घ्यायची, प्रथिनं-लोह-कॅल्शियम मोजायचं आणि बाइंडिंगला टाकायचं. ग्रंथालयात एक अख्खं कपाट नाचणीच्या बिस्किटांचं आहे. माझ्या गाइड बाईंना तेच सोयीचं वाटतंय. वाटणारच, वेळेत संपतं.

पण इंटर्नशिपमध्ये मला कॅन्सर वॉर्ड मिळाला. तिथे जठराच्या कॅन्सरचे एक आजोबा होते. चार्टवर १८०० किलोकॅलरी आणि ७० ग्रॅम प्रथिनं, प्रत्यक्षात पोटात दिवसभरात चार चमचे पेज. त्यांची सून रोज राउंडला थांबवून विचारायची, "मॅडम, काय देऊ म्हणजे ताकद येईल?" डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं, तरी ती विचारायचीच. सिनिअर डायटिशियन म्हणायच्या, "पावडरचा एक डबा लिहून दे, त्यांना बरं वाटतं." किडनीचा आहार, लिव्हरचा आहार, भाजलेल्या रुग्णाचा आहार, सगळं आम्हाला शिकवलंय. ज्याचे आठवडेच उरलेत त्याचा आहार आमच्या सिलॅबसमध्ये कुठे आलेला नाही.

म्हणून यावरच काम करावं असं मनात आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुला माणसं जगवायला शिकायला पाठवलं, तू मरणाचं काय घेऊन बसलीस? आणि बायोडेटात काय लिहू मी?"

असा विषय एम.एस्सी.च्या मुदतीत झेपतो का? एथिक्स कमिटी पास करते का? पुढे नोकरीला काही उपयोग? आणि त्या सुनेला नेमकं काय सांगायचं असतं?

बिनसाखरेचा_चहा:

बिस्किटं कर, डिग्री घे, मग काय ते समाजकार्य कर. व्हायव्हाला येणाऱ्या एक्स्टर्नलला टेबलं लागतात, रडगाणी नाही. कडू वाटेल पण अनुभवाचे बोल आहेत.

पेजवाली_काकू:

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीची उत्तरं त्यातच निघतील.

मी जुहूच्या एसएनडीटीत शिकले, बरीच वर्षं रुग्णालयात काढली आणि आता पुण्यातच एका पॅलिएटिव्ह केअरच्या (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) टीमबरोबर घरोघरी जाते. त्या सुनेचा प्रश्न मला अजूनही विचारतात. कधी मुलगा विचारतो, कधी नवरा. प्रश्न ताकदीचा नसतो. 'आमच्याकडून काही कमी पडतंय का' हे त्यांना विचारायचं असतं. आपल्याकडे घरातला माणूस न जेवता झोपला तरी बाईचा डोळा लागत नाही. 'म्हाताऱ्याला उपाशी मारलं' हा भावकीतला ठपका पिढीभर पुरतो. ती सून एकाच वेळी सासऱ्याशी, नणंदेशी आणि अख्ख्या गल्लीशी बोलत असते. तिच्या हातात पावडरचा डबा दिला की तो ठपका काही दिवस लांबतो, एवढंच. डबाही स्वस्त नसतो.

तिला खरं उत्तर द्यायचं तर आधी तुझं शरीरशास्त्र पक्कं पाहिजे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धावर जायला नकार देऊन स्वेच्छेने आलेली ती पोरं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरवलं. काय झालं? ती दिवसरात्र अन्नाबद्दल बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटल्या चाटून पुसून ठेवायला लागली. याला उपासमार म्हणतात. आता तुझ्या आजोबांकडे बघ. फोडणीचा वास आला तरी तोंड फिरवत असतील. दोघांचंही वजन उतरतंय, पण आत चाललंय ते वेगळं.

आजोबांचं जे चाललं होतं तो बहुधा कॅखेक्सिया. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती, दोन्हींकडून आयएल-६, टीएनएफ-अल्फा अशी रसायनं रक्तात सुटतात. ती स्नायू मोडतात, मेंदूतली भूक दाबतात आणि यकृताला दाहाची प्रथिनं बनवायच्या कामाला लावतात. वरून घातलेलं अन्न स्नायूपर्यंत नीट पोचतच नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी याची जी व्याख्या ठरवली तिच्यात हे सरळ लिहिलंय की नेहमीच्या पोषण-उपचाराने ही झीज पूर्ण भरून निघत नाही. त्यांनी टप्पे तीन सांगितलेत: सुरुवातीचा, मधला आणि ज्यात काहीच लागू पडत नाही असा. तिसऱ्यात आयुष्य साधारण तीन महिन्यांच्या आत उरलेलं असतं.

आपलं कौशल्य इथे लागतं, पोरी. रुग्ण कुठल्या टप्प्यात आहे ते ओळखायचं. पहिल्या टप्प्यातल्याला 'आता काय खाऊन उपयोग' म्हणून सोडून देतात तेव्हा मी भांडते. त्याला किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं मिळालीच पाहिजेत, तोंडाला फोड आले असतील तर त्यावर इलाज, मळमळीवर औषध, सगळं. पुदुच्चेरीच्या जिपमेरचं २०२३ मधलं काम वाच: केमो चालू असलेल्यांना ओलान्झापिन अगदी कमी मात्रेत, रोज अडीच मिलिग्रॅम, दिलं तर भूक आणि वजन दोन्ही सुधारलं. स्वस्तातलं औषध, आपल्या देशातला अभ्यास. (लिहून द्यायचं डॉक्टरांनी, तू नाहीस. पण विचारायला तुला कुणी अडवलेलं नाही.)

तिसऱ्या टप्प्यात मात्र कॅलरी मोजणं थांबवायचं. हे सांगायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तुलाही शिकवणार नाहीत. मधुमेहाचं पथ्य, मिठाचं पथ्य, तेलाचं पथ्य, सगळं सोडायचं. माणसाला काय हवंसं वाटतंय ते विचारायचं आणि ते त्याला झेपेल एवढंच, चमच्याने, तो जागा असेल तेव्हा, बसवून द्यायचं. कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी पांढरा रस्सा मागितला होता. बायकोने खसखस-काजू वाटून, मटणाचं आळणी काढून, सगळं साग्रसंगीत केलं. ते दोन चमचे प्यायले आणि वाटी छातीशी धरून बसले. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, एवढंच घेतलं." मी म्हटलं, "वहिनी, पोटभर झालं त्यांचं." त्या रश्श्यात प्रथिनं किती होती हे मी कुठेही लिहिलं नाही.

मग येतो सलाईनचा हट्ट. आपल्याकडे सलाईन लावली की घरच्यांना उपचार चालू आहेत असं वाटतं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या हॉस्पिसमधल्या (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या सेवेतल्या) १२९ रुग्णांवर एक नीट अभ्यास झालाय, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: अर्ध्यांना रोज एक लिटर सलाईन, अर्ध्यांना नावापुरती १०० मिली. थकवा, गुंगी, भ्रम आणि आयुष्य, कशातच फरक पडला नाही. शेवटच्या दिवसांत मूत्रपिंडं आणि हृदय मंदावलेलं असतं, जास्तीचं पाणी पायावर, फुफ्फुसात साठतं, घशातली घरघर वाढते. रुग्णाला छळतं ते कोरडं तोंड, आणि ते सलाईनने ओलं होत नाही. त्यासाठी ओला बोळा, बर्फाचा बारीक खडा, ओठांना काहीतरी स्निग्ध, दर थोड्या वेळाने. घरची आजी तुळशीपत्राने पाणी घालते ना, तिला हे आधीच माहीत असतं. गिळता येत नसेल तर घशात ओतायचं नाही, नुसते ओठ ओले करायचे, इतकंच तिला सांगावं लागतं.

तर सुनेला काय सांगायचं: "आजारामुळे शरीर एकेक काम बंद करत आणतंय, भूक त्यातच गेली. तुमच्या पेजेत काही उणं नाही. त्यांना भुकेचा त्रास होत नाहीये." आणि लगेच दुसरं काम द्यायचं: तोंड पुसणं, तळपाय चोळणं, शेजारी बसून स्वतः जेवणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण तोवर ती स्वतः चहावर जगत असते. एकदा सांगून पुरत नाही. तीन-चार वेळा, वेगवेगळ्या नातेवाइकांसमोर सांगावं लागतं. गावाहून आलेले थोरले दीर तर नक्की हवेत.

आता प्रबंध. रुग्णांना सॅम्पल धरू नकोस. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत असाध्य आजाराचे रुग्ण विशेष संरक्षणाच्या गटात येतात, कमिटी दहा प्रश्न काढेल आणि ते बरोबरच आहे. शिवाय तुझी दुसरी मुलाखत व्हायच्या आत निम्मे लोक गेलेले असतील. सांभाळणाऱ्यांना घे. पंधरा-वीस सखोल मुलाखती. त्यांना खाण्याबद्दल काय सल्ला मिळाला, कुणी दिला, डॉक्टर, नर्स, शेजारीण की व्हॉट्सॲप, त्यावर किती पैसे गेले, घरात कुणाशी वाद झाला. रुग्णाची अवस्था नोंदवायला पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल (रुग्ण किती हिंडतो, खातो, शुद्धीत आहे यावरून टक्के देणारी मोजपट्टी) पुरेल. बिनसाखरेचा चहा म्हणतायत ती टेबलं पण होतील, काळजी नको.

नोकरीचं खरं सांगते: हॉस्पिसमध्ये डायटिशियनची पूर्णवेळ जागा क्वचितच असते. पण ऑन्कोलॉजीत आणि आयसीयूत जागा निघतात, आणि तिथे पेशंटच्या घरच्यांशी बोलू शकणारी मुलगी लगेच कळते. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा मात्र देऊन टाक. आईशी मी बोलते हवं तर.

सांगली_ते_फ्लॅटबुश:

काकूंनी बरंच काही सांगितलंय, मी थोडं बाजूचं सांगतो. मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात कम्युनिटी हेल्थ शिकलो. तिथे आरोग्य आणि पोषण विज्ञान हा एकच विभाग आहे आणि त्याच विभागात थॅनॅटॉलॉजी, म्हणजे मृत्यू आणि शोकाचा अभ्यास, हीसुद्धा शाखा होती. त्यामुळे एकाच मजल्यावर एका वर्गात व्हिटॅमिन डी आणि शेजारच्या वर्गात लहान मुलांना आजी गेल्याचं कसं सांगावं. पहिल्या आठवड्यात मलाही विचित्र वाटलं, नंतर वाटेना.

आईंना सांगायला एक मुद्दा देतो. मृत्यूचा शास्त्र म्हणून अभ्यास व्हावा असं १९०३ मध्ये मांडणारा माणूस होता एली मेच्निकॉफ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला, १९०८ चा नोबेलवाला. आणि हाच तो गृहस्थ ज्याने आंबवलेलं दूध प्या, आयुष्य वाढेल असं सांगून युरोपभर दह्याचं वेड लावलं. म्हणजे तुमच्या प्रोबायोटिकच्या धड्यातला आणि या विषयातला मूळपुरुष एकच.

अभ्यासक्रमात एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पाच अवस्था असतातच, पण त्या त्यांनी मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. लोक त्या सरसकट मागे राहिलेल्यांना लावतात आणि 'तू अजून दुसऱ्याच पायरीवर कशी' असं विचारतात. आम्हाला जास्त उपयोगी पडलं ते स्ट्रोब आणि शुट यांचं १९९९ मधलं मॉडेल: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी वीजबिल भरायला उठतो, आणि हे दोन्हीकडे जाणं-येणं म्हणजेच सावरणं. वर्गात प्रत्येकाने आपल्याकडची रीत सांगायची होती. मी कडू घासाबद्दल सांगितलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात, घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. आमच्या प्राध्यापिका म्हणाल्या, ही तर सार्वजनिक आरोग्याची योजना झाली. मला तेव्हा जरा अतिशयोक्ती वाटली होती.

पण तिथून एक विषय सुचवतो. रीत तेराव्यापर्यंत पुरते. चौदाव्या दिवसापासून त्या घरात कोण काय खातं? माझी मावशी गेल्यावर काका महिनोन्‌महिने चहा-खारीवर होते. स्वयंपाकघरात डाळीचा डबा कुठला हे त्यांना माहीत नव्हतं. जोडीदार गेलेल्या वृद्धांचा आहार, चोवीस तासांचं डाएट रिकॉल, वजन, हाताची पकड. हे एम.एस्सी.ला सहज बसतं आणि एथिक्सलाही सोपं.

पवनारकाठी:

विषय उत्तम आहे, पण चर्चा फार हॉस्पिटली चाललीय. आमच्याकडे वर्ध्याजवळ पवनारला १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन, म्हणजे अन्नपाणी सोडून देहत्याग, केलं. जैनांची सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून मरेपर्यंत अन्न सोडत जाणं, तर शतकानुशतकांची. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तिला आत्महत्या ठरवलं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपल्या परंपरेला अन्न सोडण्याचा अर्थ कळत होता. मुलीने हे घ्यावं, कॅखेक्सिया-बिखेक्सिया इंग्रजी पुस्तकांत आहेच.

पेजवाली_काकू:

पवनारकाठी, विनोबांबद्दल आदर आहेच. पण त्यांनी अन्न *सोडलं*. माझ्या रुग्णांचं अन्न *सुटतं*. त्यांना जेवायचं असतं, जमत नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं. कडेगावच्या एका शेतकऱ्याला मी प्रायोपवेशनाची थोरवी सांगत बसले तर तो मलाच बाहेर काढेल. उलटाही धोका आहे: 'आजोबांनी अन्नत्याग केला' असं म्हणत घरचे साधं मळमळीचं औषधही द्यायचं थांबवतात. मी असं घर पाहिलंय. मळमळ थांबल्यावर तो माणूस पुढे कितीतरी दिवस दोन वेळा मऊ भात खात होता.

तरी प्रस्तावनेत परिच्छेदभर घ्यायला हरकत नाही. मुलाखतीत कुणी स्वतःहून काढलं तर जास्तच चांगलं.

गडहिंग्लजची_नात:

सगळ्यांचे खूप आभार. काकू, तुमचं उत्तर मी गाइड बाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनी स्वतःच्या वडिलांबद्दल सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "पण एन (म्हणजे मुलाखतींची संख्या) किती घेणार?" म्हणजे साधारण होकार आहे असं मी धरते.

दादा, चौदाव्या दिवसानंतरचा विषय मैत्रिणीला दिला, तिला बिस्किटांचा ओव्हनच मिळत नव्हता.

मी सांभाळणाऱ्यांच्या मुलाखतीच करणार. आईला मेच्निकॉफ सांगितला, तिला फक्त दही लक्षात राहिलं. पण बायोडेटात 'कॅन्सर न्यूट्रिशन' लिहायचं ठरलंय, मांडवली झाली.

एक अडलंय. वॉर्डात दोन घरांमध्ये नाकातल्या नळीवरून भांडण बघितलं. एक मुलगा म्हणतो घाला, दुसरा म्हणतो नको. एक आजी तर कॅन्सरच्या नव्हत्या, डिमेन्शियाच्या शेवटच्या अवस्थेतल्या होत्या. तिथे डायटिशियनने काय म्हणायचं? कायद्याचं काही आहे का?

रात्रपाळी_सिस्टर:

मी पॅलिएटिव्हला नर्स आहे, कोर्स केरळात केला. नळीचं सांगते. घशाचा कॅन्सर आहे, भूक आहे, रेडिएशनमुळे गिळता येत नाही, पुढे उपचार आहेत, तर नळी किंवा पोटातून पेग (पोटाच्या भिंतीतून थेट जठरात घातलेली नळी) घालायचाच, तिथे वाद नको. डिमेन्शियाच्या शेवटच्या अवस्थेत मात्र नळीने आयुष्य वाढतं किंवा न्युमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, जगभरच्या मार्गदर्शक सूचना तिथे हाताने, सावकाश, चमच्याने भरवा असंच सांगतात. नळी असली की आजी ती उपसतात, मग हात बांधतात. मला ते बांधलेले हात बघवत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल (शेवटच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. तू निर्णय देऊ नकोस, ते टीमने आणि घरच्यांनी मिळून घ्यायचं असतं. तू एवढंच विचार: "आजींना बोलता येत होतं तेव्हा त्या याबद्दल कधी काही म्हणाल्या होत्या का?" बहुतेक घरांत कुणाला तरी काहीतरी आठवतं. हा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीतही टाक.

पेजवाली_काकू:

सिस्टर, अगदी.

नाते, प्रश्नावली आधी मराठीत लिही, मग कमिटीसाठी इंग्रजी कर. मुलाखतीची वेळ दुपारी तीनच्या पुढची ठेव, तेव्हा रुग्ण झोपलेला असतो आणि सांभाळणारी बाई जरा टेकते. घरात नको, जिन्यात किंवा गॅलरीत बोल, रुग्णाच्या कानावर जाता कामा नये. आणि संमतीपत्रात 'मध्येच थांबू शकता' हे वाक्य ठळक अक्षरात घे, दोन-तीन जणी तरी थांबतील. मसुदा झाला की इथेच टाक, सिस्टर आणि मी दोघी बघतो. चहावाले, तुम्ही टेबलं बघा.

बिनसाखरेचा_चहा:

बघतो. एन वीसच्या खाली नको.